बोनेटखालची सफाई घरच्या घरी, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

दसऱ्याला आमच्याकडे गाडीची पूजा असते, हळदकुंकू, झेंडूची माळ, समोर नारळ, आणि खंडेनवमीला सकाळपासून घरोघरी गाड्या धुणं चालू असतं. बाहेरून गाडी अशी चमकते की बघत राहावं, पण बोनेट कोणी उघडतच नाही. मी एका वर्षी उघडलं तर आत मार्चमधल्या रंगपंचमीचा गुलाल अजून तसाच बसलेला, बॅटरीच्या कोपऱ्यात कडुलिंबाचा पाला, आणि इंजिनच्या एका बाजूला तेलावर धूळ बसून झालेला काळा थर. इंदूरात राहणाऱ्यांना हे चित्र नवीन नाहीये, गेर, म्हणजे रंगपंचमीची रंगांची मिरवणूक, निघते त्या दिवशी राजवाड्याच्या आसपासच काय, आमच्या सुदामा नगरातसुद्धा हवेत रंगच असतो, आणि तो पुढच्या जाळीतून सरळ आत जातो.

तेव्हा मी सगळे करतात तेच केलं, एका वॉशिंग सेंटरवर गाडी नेली आणि म्हटलं इंजिन पण धुवा. त्या मुलाने प्रेशरचा पाइप घेतला आणि वरून दोन मिनिटं जोरात मारलं, मग डिझेलचा फवारा मारून चमक आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी स्टार्ट झाली पण नुसती थरथरत होती, पिकअप नाही, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा. मेकॅनिकने कॉइल, म्हणजे स्पार्क प्लगला वीज देणारा भाग, काढून दाखवली, प्लगच्या खड्ड्यात पाणी साठलेलं होतं. नशीब की फक्त सुकवून काम झालं. तेव्हापासून हे काम मी घरीच करते, वर्षातून दोनदा, रंगपंचमीनंतर एकदा आणि पावसाळा संपला की दसऱ्याच्या आधी एकदा, आणि आता आमच्या गल्लीतले दोन-तीन जण विचारायला येतात म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

बरेच जण म्हणतात की गाडी पावसात चालते, डबक्यातून जाते, मग आत पाणी गेलं तर काय झालं. पावसाचं पाणी आत येतं ते शिंतोड्यांच्या रूपात, आणि वायरींच्या जोडांवरची रबरी सीलं तेवढं सहन करायला बनवलेली असतात. प्रेशर पंपाचं पाणी साधारण शंभर बारच्या आसपासच्या दाबाने निघतं आणि तेही हातभर अंतरावरून. त्यात गाडी सात-आठ वर्षांची असेल तर ही रबरं उष्णतेने कडक होऊन गेलेली असतात, त्यांच्या फटीतून पाणी आत शिरतं आणि तिथेच अडकून बसतं, लगेच काही कळत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी पिना गंजतात आणि मग कुठला तरी सेन्सर उगाच चुकीचं दाखवायला लागतो. म्हणून माझं एकच सांगणं आहे, इंजिन धुवायचं नाही, पुसायचं. एक बादली पाणी सगळ्याला पुरतं.

आधी कोणी हे करू नये ते सांगते. बोनेट उघडल्यावर जाड नारिंगी वायरी दिसल्या तर गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक आहे, त्या वायरींमध्ये शेकडो व्होल्ट असतात, तिथे कोरड्या कपड्याने वरवरची धूळ पुसण्यापलीकडे काहीही करू नका, बाकी सर्व्हिसवाल्यांवर सोडा. पेट्रोलचा किंवा सीएनजीचा वास येत असेल तरी सफाई बाजूला ठेवा, गाडी स्टार्ट न करता आधी ते दाखवून घ्या. आणि उंदरांनी वायरी कुरतडलेल्या दिसल्या, तांबं उघडं पडलेलं असेल, तर त्यावर एक थेंबसुद्धा पाणी जाऊ देऊ नका, आधी ऑटो इलेक्ट्रिशियन.

आता वेळ. इंजिन पूर्ण थंड पाहिजे. गाडी चालवून आणल्यावर निदान दोन तास, टर्बोवाली असेल तर अजून जास्त, मी तर रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सातला घेते. तापलेल्या एक्झॉस्टवर, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपवर, गार पाणी पडलं तर धातूला तडा जाऊ शकतो, हात भाजतो तो वेगळाच, आणि साबण लगेच वाळून डाग पडतात. मे महिन्यात आपल्या माळव्यात ऊन किती चढतं माहितीच आहे, तेव्हा दुपारी तर अजिबात नको. सावली पाहिजे, जमीन सपाट पाहिजे, हँडब्रेक ओढलेला पाहिजे. किल्ली काढून घरात ठेवा, बटण स्टार्टवाली असेल तर किल्ली खिशात ठेवून वाकू नका, लांब ठेवा. काही गाड्यांमध्ये रेडिएटरचा पंखा गाडी बंद असतानाही आपोआप चालू होतो, त्यात बोटं गेली तर काय होईल ते सांगायला नको. बोनेटचा दांडा खाचेत नीट बसला की नाही ते एकदा हलवून बघा.

सामान फार काही लागत नाही. सियागंजात किंवा कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे सगळं मिळतं: रंग द्यायचा दोन इंची ब्रश, दोन-तीन जुने टूथब्रश, चार मायक्रोफायबरची फडकी, कुंड्यांवर पाणी मारतो तो हाताचा स्प्रे पंप, पाण्यात मिसळायचा डिग्रीझर (तेल-ग्रीस सोडवणारं द्रावण), रबरी हातमोजे, चष्मा, मास्क, दहा नंबरचा पाना. रंगाच्या ब्रशला पत्र्याची पट्टी असते तिच्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळून टाका, नाहीतर ओरखडे पडतात आणि बॅटरीच्या टर्मिनलला लागली तर ठिणगी उडते. आणि घरातल्या दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन साठवा, सांचीच्या अर्धा लिटरच्या पिशव्या इतक्या बरोबर मापाच्या असतात की त्याचसाठी बनवल्या आहेत असं वाटतं, त्यांचं काम पुढे सांगते.

पाण्याबद्दल इथेच सांगून टाकते कारण इंदूरात हा विषय महत्त्वाचा आहे. नळाला येतं ते नर्मदेचं पाणी, 1978 पासून जलूदहून, जवळजवळ सत्तर किलोमीटरवरून उपसून आणलेलं, ते पाइप लावून गाडीवर ओतणं मला पटत नाही. बोअरचं पाणी जड असतं, वाळल्यावर पांढरे डाग सोडतं. काही जण आरओचं वाया जाणारं पाणी वापरतात, ते बादली-फरशीला ठीक आहे पण त्यात क्षार उलट जास्त असतात, म्हणजे डाग अजून जास्त. सगळ्यात चांगलं पाणी एसीच्या नळीतून टपकणारं, त्यात क्षार जवळजवळ नसतातच, शेवटचा हात मारायला मी तेच बाटल्यांमध्ये भरून ठेवते. फक्त ते बॅटरीत किंवा कूलंटमध्ये घालू नका, तिथे डिस्टिल्ड वॉटरच.

चला, आता काम. सुरुवात कोरडीच करायची आणि खरं सांगायचं तर निम्मं काम इथेच होतं. वायपरच्या खाली जी जाळी असते तिथला पाला हाताने काढा, कडुलिंब, गुलमोहर, काय काय निघतं. त्या जाळीखाली पाणी बाहेर जायची भोकं असतात, ती बुजली की पावसाळ्यात पाणी सरळ आत पायाखालच्या गालिच्यात येतं आणि लोक दरवाज्याचं रबर बदलत बसतात. मग कोरड्या ब्रशने वरून खाली धूळ झाडा, घरचा व्हॅक्युम असेल तर दुसऱ्या हाताने तो धरा. गुलाल असेल तर तो कोरडाच काढायचा, अजिबात ओला करायचा नाही, एकदा पाणी लागलं की तो प्लास्टिकमध्ये आणि फडक्यात असा भिनतो की मग निघत नाही. आणि गुलाल दिसला तर एअर फिल्टरचा डबा पण उघडून बघा, आमचा फिल्टर त्या वर्षी चक्क गुलाबी झाला होता, तो झटकून परत लावण्यापेक्षा बदललेला बरा.

उंदरांच्या लेंड्या किंवा चिंध्या-गवताचं घरटं दिसलं तर ब्रश बाजूला ठेवा. कोरडं झाडलं की ती घाण हवेत उडते आणि नाकात जाते, शिवाय उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो, हाताला बारीकशी जखम असेल तरी पुरते. मास्क आणि हातमोजे घाला, जंतुनाशकाच्या पाण्याने ती जागा आधी भिजवा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग कागदाने उचलून पिशवीत बांधून टाका. उंदीर परत येऊ नयेत म्हणून कोणी तंबाखूची पानं टांगतं, कोणी अजून काही, मी तंबाखू करून बघितली, आठवडाभर फरक वाटला मग वास उडाला की परत तेच. मला खरा उपयोग झाला तो गाडीजवळचा कचरा आणि कुत्र्यासाठी टाकलेल्या पोळ्या हलवल्याने, आणि रोज रात्री बोनेट थोडा वेळ उघडं ठेवल्याने, कारण उंदराला अंधार आणि आडोसा लागतो. विष मात्र बोनेटमध्ये ठेवू नका, तो आतच कुठे तरी मरतो आणि मग वास एसीतून येतो.

आता बॅटरी. हातातल्या अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, कडं सगळं काढा, धातूचं काहीही नको. गाडीत रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी लिहून ठेवा. आधी काळी, म्हणजे निगेटिव्हची वायर काढायची, लाल नंतर. हा क्रम का, तर पाना लाल टर्मिनलवर असताना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला आणि काळी वायर जोडलेली असेल तर जबरदस्त शॉर्ट होतो, काळी आधीच काढलेली असली की काही होत नाही. लावताना उलट, लाल आधी, काळी सगळ्यात शेवटी. नुसत्या सफाईसाठी काळी एकटी काढून बाजूला फडक्यात गुंडाळून ठेवली तरी चालतं.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमली असेल तर दोन्ही वायरी काढा आणि दोन चमचे खायचा सोडा कपभर पाण्यात कालवून टूथब्रशने लावा, फसफसतं, कारण ते आम्ल आहे आणि सोडा त्याला मारतो. हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये. ओल्या फडक्याने पुसा, कोरडं करा, वायरी जोडल्या की वरून व्हॅसलीनचा पातळ हात. चष्मा घालूनच करा हे, डोळ्यात उडालं तर नळाखाली निदान पंधरा मिनिटं डोळा धुवायचा आणि लगेच डॉक्टरकडे. आणि बॅटरीजवळ बिडी-सिगारेट, उदबत्ती काही नको, त्यातून हायड्रोजन निघत असतो.

यानंतर दुधाच्या पिशव्या. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), फ्यूज बॉक्स, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), बॅटरी, इंजिनच्या डोक्यावरच्या कॉइल, एअर फिल्टरच्या डब्याचं तोंड, ऑइल टाकायचं झाकण आणि ऑइलची पट्टी, हॉर्न, जे जे सेन्सरचे जोड दिसतील ते, सगळं झाकायचं, वर रबरबँड किंवा टेप. मोठ्या भागांना पिठाच्या पाच किलोच्या पिशव्या येतात. सीएनजीवाल्यांनी गॅसचा ईसीएम, इंजेक्टरची पट्टी आणि रेग्युलेटरचे वायरींचे जोडही झाका, बाहेरून बसवलेल्या किटमध्ये हे सगळं वरच असतं. किती पिशव्या लावल्या ते मोजून भिंतीवर खडूने लिहा. अकरा लावल्या तर अकराच निघाल्या पाहिजेत, एक जरी आत राहिली तर बेल्टमध्ये अडकते नाहीतर एक्झॉस्टवर वितळून चिकटते. हे मोजणं टाळू नका, अकरावी पिशवी कुठे आहे हे गाडी चालू केल्यावर कळून उपयोग नसतो.

डिग्रीझर बाटलीवर लिहिलंय तेवढा पातळ करा, पहिल्या वेळेला त्याहून थोडा पातळच. पेट्रोल, रॉकेल, डिझेल यातलं काहीही नाही. हे मी जोर देऊन सांगते कारण आपल्याकडे ही पद्धत सगळीकडे आहे, डिझेल मारलं की इंजिन काळंभोर चमकतं आणि गिऱ्हाईक खूश. पण डिझेल आणि रॉकेलने रबरी पाइप फुगतात आणि मऊ पडतात, त्या ओलाव्यावर चार दिवसात दुप्पट धूळ चिकटते, आणि तापलेल्या एक्झॉस्टच्या शेजारी तुम्ही स्वतःच्या हाताने इंधन लावून ठेवता. पेट्रोलचं तर नावच नको, त्याच्या वाफेला एक ठिणगी पुरते.

एका वेळेला वीतभर जागा घ्यायची. स्प्रे फडक्यावर किंवा ब्रशवर मारायचा, थेट इंजिनवर नाही, फक्त जिथे तेलाचा जाड थर आहे तिथे थोडा थेट मारा, तीन-चार मिनिटं मुरू द्या पण वाळू देऊ नका, ब्रशने घोळवा, मग ओल्या फडक्याने उचला. फडकं सतत बादलीत पिळायचं, काळं झालं की दुसरं. खालच्या बाजूला, जिथे हात पोचत नाही, तिथे हाताच्या स्प्रे पंपाने हलकं पाणी, तेही खालच्या दिशेने. पुढच्या बाजूला रेडिएटर आणि एसीच्या जाळीच्या पात्या कागदासारख्या मऊ असतात, तिथे ब्रश रगडू नका, किडे-माश्या मऊ केसांच्या ब्रशने पात्यांच्याच दिशेने काढा. बेल्टला साबण किंवा डिग्रीझर लागला तर तो घसरतो आणि किंचाळतो, चुकून लागलाच तर साध्या पाण्याच्या फडक्याने लगेच पुसा. कूलंटची टोपी उघडायची गरजच नाही, आणि गरम असताना तर कधीच नाही.

हे करताना हळूच बघत राहा, या कामाचा मला सगळ्यात मोठा फायदा इथेच वाटतो. कुठे तेल ओलं आहे, कुठल्या पाइपला तडे गेलेत, कूलंटच्या जोडावर रंगीत वाळलेला डाग आहे का, मोबाइलने फोटो काढून ठेवा. मागच्या वर्षी आमच्या गाडीच्या वरच्या झाकणाच्या गॅस्केटमधून तेल झिरपत होतं ते असंच पुसताना सापडलं, मळ असताना ते दिसणंच शक्य नव्हतं. कूलंट सांडलेलं असेल तर पूर्ण पुसून घ्या, ते चवीला गोड असतं आणि मांजर-कुत्र्यांना विषारी, आणि ब्रेक ऑइल रंगावर पडलं तर त्या क्षणी पाण्याने धुवा, रंग उचकटतो.

मग सुकवणं, आणि इथे घाई करू नका. कोरड्या फडक्याने सगळं टिपा, सायकलच्या पंपाने किंवा ड्रायरच्या गार हवेने जोडांमधलं पाणी उडवा, पिशव्या मोजून काढा, बोनेट उघडं ठेवून एक-दोन तास गाडीला हवा खाऊ द्या, तोवर चहा-पोहे होतात. त्यानंतर बॅटरीच्या वायरी जोडा, गाडी स्टार्ट करून दहा-पंधरा मिनिटं जागेवरच चालू ठेवा, अर्थातच बंद गॅरेजमध्ये नाही, बाहेर. घड्याळ आणि काचांची ऑटो सेटिंग परत करावी लागते, पहिली पाच मिनिटं आयडलिंग थोडं वर-खाली झालं तर घाबरू नका. पण गाडी थरथरत राहिली किंवा दिवा लुकलुकला तर बंद करा, तशीच दामटवू नका, अर्धा दिवस उघडी ठेवून परत बघा, तरी तसंच असेल तर मेकॅनिक.

चमक हवीच असेल तर पाण्यावर आधारलेलं प्लास्टिकचं ड्रेसिंग फडक्याला लावून फक्त काळ्या प्लास्टिकवर आणि पाइपांवर, बेल्ट आणि एक्झॉस्ट सोडून. मी लावत नाही, मला मॅट बरं वाटतं.

उरलेलं काळं पाणी गटारीत नाही. आपली गटारी-नाल्यांची सगळी घाण आधी कान्ह नदीत जायची आणि कान्ह पुढे उज्जैनला क्षिप्रेला मिळते, नाले अडवण्याचं इतकं काम झालं म्हणून 2021 मध्ये इंदूर देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर ठरलं, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदी-नाल्यात न सोडणारं, त्यात आपण परत तेल सोडायचं का. तेलकट फडकी आधी मोकळ्यावर वाळवा, बादलीतला गाळ जुन्या कपड्यात किंवा भुशात जिरवा आणि कचरागाडीत घरगुती घातक कचऱ्याचा डबा वेगळा असतो त्यात द्या. फडकी गोळा करून गाडीच्या डिक्कीत ठेवू नका.

त्या रात्री गाडीखाली एक मोठा पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी त्यावर थेंब पडला असेल तर तो कुठे पडलाय त्यावर पेनाने खूण करा आणि बोट लावून बघा, काळा-चिकट असेल तर इंजिन ऑइल, हिरवा किंवा गुलाबी असेल तर बहुतेक कूलंट, आणि नुसतं पाणी असेल तर सफाईचं किंवा एसीचं. पुठ्ठा तसाच मेकॅनिकला दाखवा, त्याचा अर्धा तास वाचतो.